मोकळ्या शेपटीचं वाघूळ आणि आमचं खानापूर

आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून चार-पाच वेळा तरी एक फॉरवर्ड फिरतोच. कुठल्यातरी भलत्याच वटवाघळाचा फोटो (बहुतेक वेळा फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळाचा, ज्याचा विषयाशी काडीचा संबंध नाही), वर लाल अक्षरात ‘संपूर्ण जगात फक्त आपल्या खानापूर तालुक्यात!’ आणि खाली हात जोडलेले इमोजी. मग दिवसभर अंगठे, हार, ‘अभिमान आहे’ वगैरे चालतं, आणि संध्याकाळपर्यंत विषय परत पाणी कधी येणार यावर जातो.

वाघूळ खरं आहे बरं का. नाव रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट, शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनी. खानापूरहून हेम्मडगाच्या बाजूने आत जंगलात गेलं की तळेवाडी नावाचं छोटं गाव आहे, त्या रानात बारापेडेच्या गुहा आहेत, चुनखडीच्या, तिथं हे राहतं. आणि जगात फक्त इथं, हे कितीतरी वर्षं पुस्तकातसुद्धा असंच छापलेलं होतं, त्यामुळे फॉरवर्डवाल्यांना तरी काय बोलणार. फक्त ते आता तसं राहिलेलं नाही, आणि मला जे लिहायचंय ते त्या ‘फक्त’ बद्दलच आहे.

आधी प्राणी कसा दिसतो ते सांगतो, कारण वटवाघूळ म्हटलं की लोक थेट तोंड वाकडं करतात. अख्खं जनावर हाताच्या तळव्यात मावेल. पाठ गडद चॉकलेटी, मानेमागून खांद्यावर एक राखाडी पट्टा, आणि अंगाच्या दोन्ही कडांनी पांढुरकी बारीक रेघ. कान मात्र अंगाच्या मानाने भलतेच मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि पुढं थेट नाकाच्याही पलीकडे आलेले, म्हणजे रेनकोटची टोपी डोळ्यावर ओढून घेतलेल्या माणसासारखं ते दिसतं. आणि शेपूट. बाकीच्या बऱ्याच वटवाघळांची शेपूट मागच्या दोन पायांमधल्या पडद्यात गुंतलेली असते, या कुळात ती पडद्याच्या बाहेर मोकळी निघते. म्हणून फ्री-टेल्ड.

या कुळातलं एक वाघूळ मी अगदी जवळून बघितलंय, रॉटनचं नव्हे, त्याचं लहान भावंड. पुण्यात आमच्या जुन्या बिल्डिंगच्या दोन विंगांच्या मधल्या फटीत यांचं बिऱ्हाड होतं, आणि एकदा सकाळी एक आमच्या बाल्कनीत फरशीवर पडलेलं सापडलं. बायको म्हणाली मेलंय. मेलं नव्हतं, सरपटत होतं, आणि सरपटत म्हणजे चांगलं जोरात, पंख घडी घालून मनगटांवर टेकत टेकत कुंडीच्या मागं जाऊन बसलं. (कृपा करून कुणी उघड्या हाताने उचलू नका, चावलं तर रेबीजची इंजेक्शनं घ्यायला लागतात, जाड टॉवेल घ्या.) मी टॉवेलात धरून बघितलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की याच्या वरच्या ओठाला सुरकुत्या असतात, उभ्या उभ्या, आणि मागच्या पायाच्या बोटांवर ताठ लांब केस असतात, वाकलेले, बारीक. अंगाला एक उग्र वास. तोंड उघडून ते माझ्यावर ओरडत होतं ते मात्र नीट ऐकू येत होतं. फोटो एका जाणकार मित्राला पाठवला, तो म्हणाला इजिप्शियन फ्री-टेल्ड असावं, ही जात आपल्याकडे किल्ल्यांच्या, जुन्या इमारतींच्या भेगांमधून असते, आणि एक काम कर, ते जमिनीवरून उडणार नाही, त्याला उंचावर चिकटव.

ही माहिती मला खरंच नवीन होती. या कुळाचे पंख लांब आणि अरुंद, वेगात सरळ आणि उंच उडायला बनवलेले, त्यामुळे जागच्या जागी उचलून वर जाणं त्यांना फार जड जातं. त्यांना आधी खाली पडावं लागतं. उंचावरून सुटायचं, पडता पडता वेग घ्यायचा आणि मग उडायचं. म्हणून गुहेचं छत, कड्याची भेग, पाचव्या मजल्याची फट. संध्याकाळी टॉवेलासकट ते बाल्कनीच्या वरच्या भिंतीला लावलं, ते थोडं वर चढलं, एक मिनिट थांबलं, आणि सुटलं, आणि खालच्या पार्किंगच्या छपराच्या जेमतेम वर असताना वळलं आणि गेलं. बायकोने श्वास रोखला होता, नंतर म्हणाली, आता बाल्कनी फिनाईलने पुस.

तर रॉटन. रॉबर्ट चार्ल्स रॉटन हा मुंबई इलाख्यात फॉरेस्ट खात्यातला साहेब. १८७१ मध्ये आला, १९०४ मध्ये रिटायर होऊन गेला. आधी त्याला मुंग्यांचं वेड होतं, मुंग्यांच्याही काही जातींना त्याचं नाव आहे, नंतर तो सस्तन प्राण्यांकडे वळला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९१२ च्या सुमारास भारतातल्या सस्तन प्राण्यांचा एक प्रचंड सर्व्हे सुरू केला, गावोगाव माणसं पाठवून उंदीर-घुशी-चिचुंद्र्या-वाघळं गोळा करायची, लेबल लावायची आणि तपासणीसाठी लंडनला पाठवायची असा तो कारभार. त्यात बेळगाव जिल्हा आला, तेव्हा आम्ही मुंबई इलाख्यातच होतो ना, आणि त्यातून तळेवाडीजवळच्या या गुहेतली वाघळं ब्रिटिश म्युझियममध्ये ओल्डफील्ड थॉमसच्या टेबलावर पोचली. थॉमस म्हणजे आयुष्यभरात दोन हजाराच्या घरात नवीन प्राण्यांना नावं दिलेला माणूस. त्याने १९१३ मध्ये या जातीला रॉटनचं नाव दिलं, आणि हिचे कान आणि कवटी बघून तिच्यासाठी ओटोमॉप्स ही नवी प्रजातीच (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचं एक घराणं) वेगळी काढली.

हे शेवटचं वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसतं आणि मला तेच सगळ्यात भारी वाटतं. आज या ओटोमॉप्स घराण्यातली वाघळं आफ्रिकेत आहेत, मादागास्करमध्ये आहेत, जावामध्ये, पापुआ न्यू गिनीमध्ये आहेत, आणि त्या सगळ्या घराण्याचा मूळ नमुना, ज्याच्याशी ताडून बाकीच्यांना या घरात घ्यायचं की नाही ते ठरतं, तो आमच्या खानापूर तालुक्यातला आहे.

या गुहेशी ज्याचं नाव कायम घेतलं जातं तो स्टॅन्ली प्रेटर, तेव्हा सोसायटीतला विशीतला पोरगा. पुढं तो तिथला क्युरेटर झाला, भारतातल्या प्राण्यांवर त्याने लिहिलेलं पुस्तक दोन-तीन पिढ्यांनी वापरलं, आणि अँग्लो-इंडियन समाजाचा प्रतिनिधी म्हणून तो चक्क संविधान सभेत बसला. वाघळांच्या गुहेत डोकं घालणारा माणूस देशाची घटना बनवणाऱ्या सभेत. आमच्याकडे निवडणुकीला उभे राहणाऱ्यांपैकी किती जण तळेवाडीपर्यंत चालत गेलेत हा प्रश्न मी इथं विचारत नाही.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं या जातीचं जगात एकच घर माहीत होतं. एक गुहा आणि तिच्यात शंभरच्या आगेमागे वाघळं. तुलनेला सांगतो, अमेरिकेत टेक्सासच्या ब्रॅकन गुहेत यांचीच चुलत जात दीड-दोन कोटींच्या संख्येने राहते, संध्याकाळी बाहेर पडली की विमानतळाच्या रडारवर दिसते. आणि इथं शंभर. त्यामुळे धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत हिला ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून टाकलं, आणि आपल्या वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे वाघ-हत्तीच्या रांगेत, जागा मिळाली. अख्ख्या देशातल्या शंभराहून जास्त वटवाघळांच्या जातींपैकी त्या रांगेत बरीच वर्षं दोनच होत्या, ही आणि तमिळनाडूच्या हाय वेव्हीज डोंगरातलं सलीम अलींच्या नावाचं फळवाघूळ. आणि त्याच कायद्यात फळं खाणारी बाकीची वाघळं कुठं होती माहितीये? शेड्यूल पाचमध्ये, कावळा, उंदीर, घुशींच्या शेजारी, ‘उपद्रवी’ म्हणून, मारलं तरी चालेल. ते शेड्यूल गेलं २०२२ च्या दुरुस्तीत. एकाच कायद्यात एकाच गणातला एक प्राणी देव्हाऱ्यात आणि दुसरा उकिरड्यावर, आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच, की नीट बघितलं कुणीच नव्हतं.

मग कंबोडियातून बातमी आली. २००० साली उत्तरेकडच्या प्रेआह विहेअर प्रांतात हे वाघूळ सापडलं. एकच. आता नकाशा काढा आणि खानापूर ते कंबोडिया अंतर बघा. पाठोपाठ २००२ मध्ये मेघालयातून नोंद आली, आणि पुढं जैंतिया टेकड्यांच्या गुहांमध्येही ही वाघळं मिळाली. म्हणजे पश्चिम घाटात एका ठिकाणी, मग एकदम ईशान्येला, मग कंबोडियात. मधल्या हजारो किलोमीटरमध्ये हा प्राणी नाहीच असं कोण म्हणेल? नंतर जागतिक यादीवाल्यांनी हिला ‘अतिसंकटग्रस्त’ मधून काढून ‘डेटा डेफिशियंट’ मध्ये टाकलं, म्हणजे माहिती अपुरी.

आमच्या ग्रुपवर मी ही बातमी टाकली होती. एकही अंगठा आला नाही. एका काकांनी लिहिलं, ‘मग आपल्याकडचं ओरिजिनल म्हणायचं.’ मला हसू आलं पण खरं सांगायचं तर मलाही आत कुठंतरी किंचित लागलंच होतं, काहीतरी आपलं होतं ते वाटून घ्यावं लागलं असं. आणि मग वाटलं हे जरा विचित्रच आहे. एखादा प्राणी आपल्याला वाटत होता त्यापेक्षा सुरक्षित असण्याची शक्यता निघाली, आणि आपल्याला वाईट वाटतंय? मग आपलं प्रेम नक्की कशावर होतं, वाघळावर की ‘फक्त’ वर?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ‘जगात फक्त इथे’ ही पाटी त्या प्राण्याच्या मुळावर येते. एक तर पाटी लागली की लोक बघायला येतात, आणि गुहेतल्या वाघळाला बघायला येणं म्हणजे डोळ्यावर टॉर्च, आरडाओरडा, रील. दिवसा झोपलेली वाघळं उठली की उगाच उडून ताकद घालवतात, पिल्लांच्या दिवसात तर पिल्लं खाली पडतात, आणि यांच्यात वर्षाला बहुतेक एकच पिल्लू असतं, भरून निघायला वर्षं लागतात. दुसरं म्हणजे, पाटी उतरली की रस संपतो. मेघालयातल्या ज्या चुनखडीत या गुहा आहेत त्याच चुनखडीचं सिमेंट होतं, खाणी तिथं चालूच आहेत. बेळगावातलं घर बांधताना आपण विचारतो का सिमेंट कुठल्या डोंगराचं? मीही विचारलं नाही.

आता हे प्राणी सापडत का नाहीत, तर सरळ आहे, उंच उडतात. जाळं लावून पकडायचं म्हटलं तर जाळं झाडाच्या उंचीचं आणि हे त्याच्या कितीतरी वर. म्हणून हल्ली लोक कान लावून शोधतात. २०१५ मध्ये कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर या दोन संशोधकांनी या वाघळाचा आणि भारतातल्या बाकी फ्री-टेल्ड जातींचा आवाज रेकॉर्ड करून त्यावरून ओळख कशी पटवायची ते मांडलं. आणि यातली गंमत अशी की बहुतेक वटवाघळांचे आवाज आपल्या कानाच्या कुवतीबाहेरचे असतात, वीस किलोहर्ट्झच्या वर, पण हे वाघूळ पंधराच्या आसपास बोलतं. म्हणजे माणसाला ऐकू येतं! लहान पोरांना तर नक्की. चाळिशी-पन्नाशी ओलांडली की कानाचा वरचा भाग हळूहळू बंद होत जातो, त्यामुळे माझ्यासारख्यांचं काही खरं नाही.

इतका खालचा सूर का, तर उंच मोकळ्या हवेत लांबचं बघायचं असतं, आणि जाड आवाज हवेत लांबपर्यंत टिकतो, बारीक आवाज लवकर विरतो. शिवाय दुसरा फायदा आहे तो जास्त चलाख आहे. बऱ्याच पतंगांना वाघळांचा आवाज ऐकू येतो, ऐकला की ते गिरकी मारून खाली पडतात, पण त्यांचे कान साधारण वीस ते साठ किलोहर्ट्झला तरबेज असतात. पंधराला बोलणारा पाहुणा त्यांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. आफ्रिकेतल्या ओटोमॉप्सचं खाणं तपासलं तेव्हा त्यात बहुतांश पतंगच निघाले. आणि हा आफ्रिकेतला भाऊ दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहरात लोकांच्या घरांच्या छपरात राहतो, हेही जाता जाता ऐकून ठेवा. खानापूरवाला गुहेत लपून, डर्बनवाला बंगल्यात.

गेल्या दिवाळीनंतर मामाकडे खानापूरजवळ गेलो होतो तेव्हा भाचीला घेऊन संध्याकाळी शेताच्या बांधावर बसलो. ती नऊ वर्षांची, तिला सांगितलं काही ‘टिक टिक’ ऐकू आलं तर सांग. मामा मागून आला, ‘काय बघूलास तिकडं वर?’ म्हटलं ऐकतोय. ‘कुणाचं?’ म्हटलं वाघळाचं. मामा काही न बोलता विडी पेटवून शेजारी बसला. थोड्या वेळाने भाची म्हणाली, आता आला, आता गेला, परत आला. मला काहीही आलं नाही. ती माझी चेष्टा करत होती का, रातकिडा होता की काय होतं, देवाला माहीत, पण त्या अर्ध्या तासात मामाने जे सांगितलं ते मला कुठल्या पेपरात मिळालं नसतं. त्याच्या लहानपणी तळेवाडी-गवळी-कोंगळे या बाजूची माणसं बाजाराला चालत यायची, पावसाळ्यात नदी-नाले भरले की येणं बंद, आजारी माणसाला खांद्यावर घेऊन यायचे. ते अजूनही होतं, बातम्या येतात.

तो सगळा भाग आता भीमगड अभयारण्यात आहे. २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरच्या आसपास. नाव शिवाजी महाराजांच्या काळातल्या भीमगड किल्ल्यावरून. याच रानात म्हादई उगम पावते आणि गोव्याला जाते, याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि उलट्या दिशेला जाते, आणि या पाण्यावरून कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिघांचं भांडण लवादापर्यंत गेलं, २०१८ मध्ये निवाडा आला, भांडण काही संपलं नाही. जमीन कुणाची यावरून एक केस, पाणी कुणाचं यावरून एक केस. वाघूळ कुणाचं यावर अजून तरी कुणी कोर्टात गेलेलं नाही, त्याची वेळ ग्रुपवाले आणतील.

आणि माणसं? तळेवाडीच्या लोकांनी पैसे घेऊन गाव सोडायला होकार दिला, स्थलांतर सुरू झालं. मामाच्या ओळखीतला एक जण त्यातला. मामा म्हणाला, ‘त्याला विचारलं, वाईट वाटतंय का, तर म्हणाला रस्ता नाही, दवाखाना नाही, वाईट वाटून काय करू.’ मला यावर शहाण्यासारखं काही बोलता येत नाही. अभयारण्य व्हायला पाहिजे होतं हे मला पटतं, आणि तिथं पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसाला दवाखाना मिळाला तो गाव सोडल्यावर, हेही मला दिसतं. एवढी वर्षं ती गुहा टिकली तेव्हा तिच्या शेजारी हेच लोक राहत होते, एवढं तरी फॉरवर्डमध्ये लिहा की.

कोविडमध्ये वाघळांचं काय झालं ते आठवत असेल. त्यातच २०२१ मध्ये बातमी आली की महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांमध्ये निपाह विषाणूच्या अँटिबॉडी सापडल्या, पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) तपासलेल्या. चॅनेलवाल्यांनी ‘महाबळेश्वरात निपाह’ करून टाकलं. अँटिबॉडी सापडणं म्हणजे प्राण्याचा कधीतरी विषाणूशी सामना झालेला, गावात साथ आली असा त्याचा अर्थ नाही, पण ते सांगायला कुणाला वेळ असतो. आमच्याच ग्रुपवर, ज्यात अभिमान वगैरे चालतं, त्याच ग्रुपवर एकाने लिहिलं की त्या बारापेडेच्या गुहेत धूर करून सगळी मारून टाकायला पाहिजेत. म्हणजे अभिमान किती पातळ होता बघा.

लोक विचारतात, याचा उपयोग काय. थायलंडमध्ये हिशोब केलाय, तिथली सुरकुतल्या ओठांची फ्री-टेल्ड वाघळं भातावरचे तुडतुडे खातात, त्यातून दरवर्षी साधारण सव्वीस हजार माणसांना पुरेल एवढा तांदूळ वाचतो असा अंदाज निघाला. हे मी सांगतो, लोक खूश होतात, आणि मला मात्र दरवेळी थोडा राग येतो, स्वतःचाच. रॉटनच्या शंभर वाघळांनी खानापूरच्या भाताची किती पोती वाचवली असं कुणी विचारलं तर मी काय आकडा देणार? आणि आकडा शून्य निघाला तर काय, मग धूर करायचा?

मागच्या आठवड्यात मावसभावाचा मेसेज आला, तो बंगळूरला असतो, लाँग वीकेंडला चार मित्र घेऊन येतोय, ‘ती बॅट केव्ह दाखव, लोकेशन पाठव’. मी पाठवलं नाही. अभयारण्यात आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती तुला मिळणार नाही आणि मिळूही नये असं लिहिलं. त्याने रागाचा इमोजी टाकला. मग त्याला सांगितलं, येताना कुठल्याही जुन्या किल्ल्याच्या, देवळाच्या भिंतीखाली सूर्य मावळायच्या आधी जाऊन बस, मोबाईल खिशात ठेव, भेगेतून काय बाहेर पडतं ते बघ, आणि सोबत कुणाचं लहान पोर असेल तर त्याला पुढं बसव, तुझ्या कानांचा काही उपयोग नाही. तो म्हणाला, ‘त्यात काय रील होणार?’ म्हटलं काही नाही होणार, पण येताना बेळगावच्या कॅम्पातून अर्धा किलो कुंदा आण, मामाला आवडतो.